आरोग्य सदर : वडीलधाऱ्यांची हाडे आणि त्यावरील औषधे



गेल्या वैशाखात शेअरच्या वारसनोंदीच्या कागदासाठी आम्ही एका सभासदाच्या घरी गेलो होतो. सोप्यात बाजेवर आजी पडून होत्या. वय बहात्तर, कमरेला पट्टा, आणि कूस बदलायची म्हटली तरी सुनेचा हात हवा. विचारपूस केली तेव्हा त्याच म्हणाल्या, "चैतात घागर उचलली, अन् पाठीत काटकन झालं बघा. पडले नाही, झडले नाही." फोटो काढला तर दोन मणके चेपलेले निघाले.

फाईल चाळली तर गोष्ट जुनी होती. चार वर्षांपूर्वी आजी गोठ्यात पाय घसरून पडल्या होत्या आणि मनगट मोडले होते. सहा आठवडे प्लॅस्टर झाले, हात जुळला, पण एवढ्याशा पडण्याने हाड मोडलेच कसे, हे कोणी विचारले नाही. पुढे दोन वर्षांनी तपासणीत हाडे ठिसूळ निघाली व सहा महिन्यांला एक याप्रमाणे इंजेक्शने सुरू झाली. चिरंजीव सांगू लागले, "चार झाली होती हो. पाचवं मार्गशीर्षात होतं. नेमकी तवाच आमच्या फडात टोळी उतरली. तोड, गाड्या, खोडव्याची मशागत, त्यात राहून गेलं. आई बी म्हणाली, मला आता बरं वाटतंय, कशाला पैसे घालवतोस?"

मायलेकरांची यात काय चूक? हे एक इंजेक्शन असे आहे की त्याची पाळी चुकली तर आधी कमावलेलेही झपाट्याने निघून जाते, हे त्या घराला कोणी नीट सांगितलेच नव्हते. म्हणून हे चार शब्द लिहीत आहोत. कोणाला कोणते औषध द्यावयाचे ते डॉक्टरच ठरवतील. परंतु आपल्याला काय दिले आहे, ते कसे घ्यावयाचे आणि किती दिवस घ्यावयाचे, एवढे घरातल्या एका तरी माणसाला ठाऊक असले पाहिजे.

हाडाची मोड आणि बांधणी

हाड म्हणजे वाळलेले लाकूड नव्हे. ते जिवंत असते. त्यात दोन प्रकारच्या पेशी रात्रंदिवस राबतात. एक टोळी जुने हाड खणून काढते, दुसरी टोळी त्या जागी नवे भरते. साधारण तिशीपर्यंत भरणारी टोळी पुढे असते. नंतर हळूहळू खणणारी टोळी वरचढ होऊ लागते. बायकांची पाळी गेली की हाड राखणारे स्त्री-संप्रेरक एकदम कमी होते, आणि पुढची पाच-सात वर्षे हाड फार वेगाने कमी होते. हाड आतून जाळीदार व ठिसूळ होते. यालाच डॉक्टरी भाषेत ऑस्टिओपोरोसिस म्हणतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्याकडे गुडघा दुखला की "हाडाची झीज झाली" म्हणतात. ती सांध्यातल्या कूर्चेची झीज, तो रोग वेगळा. ठिसूळ हाड मोडेपर्यंत दुखतही नाही. खांब आतून वाळवीने खाल्ला तरी बाहेरून जसाच्या तसा दिसतो, तसेच हे आहे. मोडण्याच्या मुख्य जागा तीन : मनगट, मणका आणि खुबा. त्यांत खुबा सर्वांत वाईट, कारण त्याने माणूस अंथरुणाला खिळते. म्हातारपणी उंची कमी होणे किंवा पाठीला बाक येणे याला आपण वयाचा धर्म म्हणतो. पुष्कळदा तो चेपलेल्या मणक्यांचा पुरावा असतो.

पुरुषांनीही "हा बायकांचा आजार" म्हणून पान उलटू नये. सत्तरीनंतर पुरुषांचीही हाडे मोडतात. तंबाखू आणि दारू त्याला हातभार लावतात.

तपासणी कोणती?

हाडाची घनता मोजण्याच्या तपासणीला डेक्सा म्हणतात. कंबर आणि खुबा यांची ती एक्स-रेसारखी, दहा-पंधरा मिनिटांची, न दुखणारी तपासणी आहे. तरुण निरोगी माणसाच्या हाडाशी तुलना करून तीत टी-स्कोअर नावाचा आकडा येतो. जागतिक आरोग्य संघटनेने 1994 साली ठरविलेल्या मापाप्रमाणे हा आकडा उणे 1 किंवा त्याहून वर असेल तर ठीक, उणे 1 ते उणे 2.5 च्या दरम्यान असेल तर हाड विरळ, आणि उणे 2.5 किंवा त्याहून खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस.

गावोगावच्या शिबिरांत टाचेला लावायचे एक मशीन असते. ते चाळणी म्हणून ठीक आहे, पण केवळ त्याच्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षांचे औषध सुरू करू नये. उलट, साध्या पडण्याने खुबा किंवा मणका मोडला असेल तर आकडा कितीही येवो, उपचार करावयाचाच असतो.

औषधापूर्वी रक्तातील कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, मूत्रपिंडाचे काम दाखविणारे क्रिएटिनिन व थायरॉइड यांची तपासणी डॉक्टर सांगतात. त्यावर कुरकुर करू नये. माती परीक्षण न करता खत टाकण्यासारखे ते होईल.

आधी शेणखत, मग वरखत

कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हे हाडांचे शेणखत होय. ते नसेल तर पुढची महागडी औषधे नीट काम करीत नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2020 साली प्रौढांसाठी रोज 1000 मिलिग्रॅम आणि पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितले आहे. एका पेलाभर दुधातून सुमारे 240 मिलिग्रॅम मिळते, शंभर ग्रॅम नाचणीतून सुमारे 350. तीळही चांगले. परंतु आपल्या घरांतून काय होते? सकाळ-संध्याकाळचे दूध डेअरीला, उरलेले पोरांना आणि पाहुण्यांच्या चहाला. ज्या माउलीने म्हशीची धार काढली तिच्या वाट्याला कोरा चहा. हे आधी बदलले पाहिजे.

आहारातून पुरत नसेल तरच गोळी. साधी कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर घ्यावी आणि एका वेळी 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम घेऊ नये. थायरॉइडची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचे अंतर ठेवावे.

ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची पुडी किंवा गोळी असते. कमतरता असेल तर ती बहुधा आठवड्याला एक याप्रमाणे काही आठवडे देतात, नंतर महिन्याला एक. दुकानातून आणून रोज एक घेणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. त्याने रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होते. शेतात युरिया जास्त झाला म्हणजे काय होते ते आपणास सांगावयास नकोच!

मात्र नुसत्या कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाने ठिसूळ झालेले हाड मोडावयाचे थांबत नाही. तेथे खरे औषध लागते.

कारखान्यातील खपली आणि आठवड्याची गोळी

या औषधांत दोन जाती आहेत. एक हाड खणणाऱ्या टोळीला आवरणारी, दुसरी हाड बांधणाऱ्या टोळीला कामाला लावणारी. पहिल्या जातीतले सर्वांत जुने आणि सर्वाधिक वापरलेले औषध म्हणजे बिस्फॉस्फोनेट.

त्याची जन्मकथा आपल्या कारखान्याला जवळची आहे. इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत क्षारांची खपली बसते आणि ती काढण्यासाठी गाळप थांबवावे लागते, हे सभासदांना माहीत आहे. पाण्याच्या नळांत अशी खपली धरू नये म्हणून फॉस्फेटच्या जातीची रसायने पूर्वीपासून वापरीत. स्वित्झर्लंडचे शास्त्रज्ञ हर्बर्ट फ्लाईश यांना असे दिसले की याच जातीचे पायरोफॉस्फेट आपल्या शरीरातही असते आणि तेथेही ते भलत्या जागी क्षार साचू देत नाही. पण ते तोंडाने दिले तर पोटातच मोडून जाई. म्हणून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न मोडणारे भावंड शोधले. त्यावरील त्यांचे लेख 1969 साली प्रसिद्ध झाले. हे द्रव्य हाडाला चिकटून बसते आणि खणणारी पेशी तेथे आली की तिलाच निकामी करते.

यांतले अॅलेन्ड्रोनेट 1995 साली अमेरिकेत ऑस्टिओपोरोसिससाठी मान्य झाले. आधीच मणका चेपलेल्या 2,027 स्त्रियांवरील त्याच्या चाचणीचे निकाल 1996 साली आले. नवे मणके मोडण्याचे प्रमाण त्यात जवळजवळ निम्म्यावर आले आणि खुबा मोडण्याचेही तसेच. आज ही गोळी 70 मिलिग्रॅमची, आठवड्याला एकच असते, आणि बाकीच्या औषधांच्या मानाने स्वस्त आहे. जेनेरिक औषधाच्या दुकानात जरूर विचारावे. रायसेड्रोनेट व आयबॅन्ड्रोनेट ही तिची भावंडे. आयबॅन्ड्रोनेट महिन्याला एक घेतात, पण खुब्याच्या बाबतीत त्याचा पुरावा कमजोर आहे.

गोळी स्वस्त असली तरी घेण्याची रीत कडक आहे. ती पाळली नाही तर गोळी पोटातून तशीच निघून जाते किंवा अन्ननलिका पोळते. म्हणून नीट ध्यानात ठेवा :

- आठवड्याचा एक वार ठरवावा. गावचा बाजाराचा वार धरला तर विसर पडत नाही.
- सकाळी उठल्याबरोबर, अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावी. चहा नको, दूध नको.
- गोळी चावू नये, चघळू नये.
- नंतर निदान अर्धा तास आडवे होऊ नये आणि काही खाऊ-पिऊ नये. आयबॅन्ड्रोनेटला एक तास.
- कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेऊ नये, जेवणाबरोबर घ्यावी.

"आमच्या आईला चहाशिवाय गोळी उतरत नाही," असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मग ती गोळी न घेतल्यासारखीच समजावी. ज्यांना अन्ननलिकेचा विकार आहे किंवा अर्धा तास बसवत नाही, त्यांच्यासाठी ही गोळी नाही.

वर्षाला एक सलाईन

अशांना त्याच घराण्यातले झोलेड्रॉनिक अॅसिड उपयोगी पडते. वर्षातून एकदा 5 मिलिग्रॅम, शिरेतून, निदान पंधरा मिनिटे सावकाश. 2007 साली निकाल आलेल्या, साडेसात हजारांहून अधिक स्त्रियांवरील चाचणीत तीन वर्षांत मणके मोडण्याचे प्रमाण 70 टक्क्यांनी व खुबा मोडण्याचे 41 टक्क्यांनी कमी झाले. त्याच वर्षी दुसऱ्या एका चाचणीने दाखविले की खुब्याचे ऑपरेशन झालेल्यांना हे दिले तर पुढचे अस्थिभंग तर कमी होतातच, मृत्यूही कमी होतात. खुब्याचे ऑपरेशन झाले, रॉड किंवा गोळा बसविला, की काम संपले असे आपण समजतो. दुसरा खुबा शिल्लक असतो हे विसरू नये.

पहिल्या सलाईननंतर दोन-तीन दिवस ताप व अंगदुखी येऊ शकते. भरपूर पाणी आणि पॅरासिटामॉल यांनी ती जाते. मूत्रपिंड कमजोर असेल तर हे औषध देत नाहीत, आणि ड जीवनसत्त्व फार कमी असेल तर ते आधी भरून काढावे लागते. शेतावर लांब राहणाऱ्या किंवा गोळ्या विसरणाऱ्या वृद्धांना वर्षाचे एकच काम सोयीचे पडते.

सहा महिन्यांचे इंजेक्शन : पाळी चुकवू नका

आजींना दिलेले औषध डेनोसुमॅब. कातडीखाली 60 मिलिग्रॅम, सहा महिन्यांला एक. 2009 सालच्या मोठ्या चाचणीत त्याने मणके मोडण्याचे प्रमाण 68 टक्क्यांनी आणि खुब्याचे 40 टक्क्यांनी कमी केले. औषध उत्तम आहे. मूत्रपिंड थोडे कमजोर असले तरी देता येते. मात्र डायलिसिसवर असलेल्यांत कॅल्शियम धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2024 साली ठळकपणे दिला आहे.

पण त्याचा स्वभाव बिस्फॉस्फोनेटहून वेगळा आहे. ते हाडाला चिकटून राहत नाही. सहा महिने टोळीला वेसण घालते आणि वेसण सुटली की अडून बसलेली सारी टोळी एकदम तुटून पडते. वर्षा-दोन वर्षांत कमावलेले हाड काही महिन्यांत जाते, आणि काहींचे एकाच वेळी दोन-तीन मणके चेपतात. आजींचे तेच झाले. शेवटचे इंजेक्शन ज्येष्ठात, मणके चैत्रात.

तेव्हा हे इंजेक्शन घेताना दोन गोष्टी पक्क्या कराव्यात. तारीख ठरल्या दिवसाच्या फार तर महिनाभर पुढे जाऊ द्यावी, त्याहून नाही. आणि खर्चामुळे अथवा अन्य कारणाने थांबावयाचेच असेल तर मनाने थांबू नये. डॉक्टरांना सांगावे. ते त्या जागी बिस्फॉस्फोनेट देऊन हाड राखतात.

हाड बांधणारी औषधे

टेरिपॅराटाइड हे दुसऱ्या जातीचे. आपल्या शरीरातील पॅराथायरॉइड संप्रेरकाचा तो एक तुकडा. 20 मायक्रोग्रॅम, रोज कातडीखाली, पेनाने घरीच टोचावयाचे. 2001 सालच्या चाचणीत नवे मणके मोडण्याचे प्रमाण त्याने 65 टक्क्यांनी कमी केले. ज्यांचे मणके आधीच चेपले आहेत, हाड फारच विरळ आहे, अशांसाठी ते आहे. खर्च जास्त, रोजचे टोचणे, आणि पेन फ्रीजमध्ये ठेवावयाचे, म्हणून वीज जाणाऱ्या गावांत काळजी घ्यावी लागते. साधारण दोन वर्षे देतात. ज्यांना पूर्वी हाडांवर रेडिएशन दिले आहे किंवा हाडांत कॅन्सर आहे, त्यांना देत नाहीत.

दोन वर्षे झाली की बांधलेले हाड राखण्यासाठी पहिल्या जातीचे औषध लगेच सुरू करावे लागते. पीक उभे केले आणि राखणच केली नाही तर डुकरे थोडीच सोडणार आहेत?

रोमोसोझुमॅब हे नवे औषध 2019 साली अमेरिकेत मान्य झाले. ते महिन्याला एकदा, बारा महिने देतात. ते हाड बांधते आणि मोडही आवरते. परंतु गेल्या वर्षभरात हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला असेल तर ते वर्ज्य आहे.

इतर काही

रॅलोक्सिफेनच्या गोळीने मणके राखले जातात, खुब्याला फायदा दिसलेला नाही. स्तनाच्या एका प्रकारच्या कॅन्सरचा धोका तिने कमी होतो, पण पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो. नुकतीच पाळी गेलेल्या, अंगाची लाही होणाऱ्या, साठीच्या आतील स्त्रियांना संप्रेरकाची औषधेही हाडांसाठी उपयोगी पडतात. 2002 सालच्या अमेरिकेतील चाचणीनंतर मात्र ती सरसकट देत नाहीत. नाकात मारावयाचा कॅल्सिटोनिनचा फवारा मागे पडला आहे. युरोपात 2012 सालीच तो ऑस्टिओपोरोसिससाठी वापरू नये असे सांगण्यात आले.

भीती किती बाळगावी?

"त्या गोळीने जबडा सडतो म्हणे," असे काही जण विचारतात. बिस्फॉस्फोनेट आणि डेनोसुमॅब घेणाऱ्यांत, विशेषतः दाढ काढल्यावर, जबड्याचे हाड उघडे पडण्याचा प्रकार होतो हे खरे. पण हाडांच्या ठिसूळपणासाठी जो डोस देतात त्यात तो फार क्वचित, वर्षाला दहा हजारांत एक किंवा त्याहून कमी. तेव्हा दात काढावयाचा असेल तर औषधापूर्वी काढून घ्यावा आणि दंतवैद्यास औषधाचे नाव सांगावे.

दुसरी गोष्ट मांडीच्या हाडाची. वर्षानुवर्षे औषध घेतल्यावर क्वचित मांडीचे हाड मध्येच मोडते. आधी काही आठवडे मांडीत किंवा जांघेत दुखते. असे दुखले तर लगेच दाखवावे. याच कारणाने गोळ्या पाच वर्षे किंवा सलाईन तीन वर्षे झाल्यावर धोका कमी असणाऱ्यांना काही काळ सुट्टी देतात. ही सुट्टी फक्त बिस्फॉस्फोनेटला. डेनोसुमॅबला सुट्टी नाही, हे पुन्हा सांगतो.

पुड्यांपासून सावध

आता एक कडू गोष्ट. कंबर-गुडघे दुखतात म्हणून काही ठिकाणी बिननावाच्या पुड्या आणि गोळ्या मिळतात. एका दिवसात गुण येतो, भूक लागते, तोंड गोल दिसू लागते. अशा औषधांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. दमा किंवा संधिवातासाठी डॉक्टरांनी हिशोबाने दिलेले स्टेरॉइड वेगळे, ते मनाने बंदही करू नये. पण पाच मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन तीन महिने पोटात गेले तरी हाड पोखरले जाते. ज्या पुडीवर नाव नाही ती घरात आणू नये. आणली असेल तर ती डॉक्टरांना दाखवावी, लपवू नये.

घर राखा

औषधाइतकेच महत्त्व न पडण्याला आहे. न्हाणीत शेवाळ घासून काढा, धरावयास एक दांडी लावा. गोठ्याच्या वाटेवर रात्री दिवा ठेवा. मोतीबिंदू पिकला असेल तर ऑपरेशन करून घ्या. झोपेच्या गोळ्या विनाकारण देऊ नका. रोज चालणे-फिरणे चालू ठेवा. मात्र मणका चेपलेल्याने वाकून घागर किंवा पोते उचलू नये.

आणि ज्या घरात पन्नाशीपुढच्या कोणाचे मनगट साध्या पडण्याने मोडले असेल, त्यांनी प्लॅस्टर निघाल्यावर डॉक्टरांना एवढे विचारावे : "हाड का मोडलं? घनता तपासायची का?" आजींच्या घरी हा प्रश्न चार वर्षांपूर्वी विचारला गेला असता तर आजची बाज कदाचित टळली असती.

परवा पुन्हा त्या घरी जाणे झाले. डॉक्टरांनी इंजेक्शन परत सुरू केले आहे. आजी काठी घेऊन अंगणापर्यंत येतात, पाठीचा बाक मात्र राहिलाच. चिरंजिवांनी ऊस नोंदीची वही काढून आम्हाला दाखविली. आडसालीच्या लागणीची तारीख, त्याखाली खोडव्याची, आणि त्याखाली निळ्या शाईने : "आईचं इंजेक्शन". म्हणाले, "लागणीची तारीख कधी चुकत नाही. आता ही बी चुकायची नाही."

सभासदांनी आपापल्या वहीत अशी एक ओळ जरूर वाढवावी, ही विनंती.